कचेरीतील शुद्धाशुद्ध

घाटनांदूर हे नाव शुद्ध कसे लिहावे, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. शब्द अकारान्त असेल तर उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून 'घाटनांदूर' येथे 'दू' दीर्घ. परंतु सामान्यरूप होताच तोच उकार ऱ्हस्व होतो, म्हणून 'घाटनांदुरास', 'घाटनांदुरात'. 'ला' आणि 'चा' हे प्रत्यय मात्र गावाच्या नावास जसेच्या तसे जोडण्याची रूढी असल्यामुळे 'घाटनांदूरला' व 'घाटनांदूरचा' येथे पुन्हा दीर्घ. तात्पर्य, अंबाजोगाई तालुक्यातील या गावच्या रहिवाशाने विहिरीसाठी एक पानभर अर्ज लिहिला, तर त्यात त्याच्या गावचे नाव दोन प्रकारांनी येईल आणि दोन्ही प्रकार शुद्ध असतील. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाने नियम अर्धाच पाठ केला असेल तर तो दोहोंपैकी एकाखाली तांबडी रेघ ओढील, आणि ती रेघ चुकीची आहे हे सांगण्याचे धैर्य अर्जदारास बहुधा होणार नाही. तालुक्याच्या नावाची कथा याहून मनोरंजक आहे. अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई अशी तिन्ही रूपे लिहिलेली आढळतात, आणि निजामाच्या अमदानीत तर सरकारी कागदावर तिचे नाव मोमिनाबाद असे होते. जिल्ह्याचे नाव देवनागरीत सरळ असले तरी रोमन लिपीत त्याने 'भीर', 'बिड' आणि 'बीड' असे तीन अवतार घेतले आहेत.

गावाच्या नावाविषयी इतका घोळ, तर गावाविषयीच्या मजकुरात तो किती असेल याची कल्पना वाचकांस सहज येईल. ज्यांनी सरकारी, निमसरकारी किंवा सहकारी संस्थेच्या कचेरीत काही वर्षे काढली आहेत, त्यांना शुद्धाशुद्धाचे वाद नवे नाहीत. 'अधिक्षक' की 'अधीक्षक', 'सहाय्य' की 'साहाय्य', 'उपरोक्त' की 'उपर्युक्त', 'देवून' की 'देऊन', 'पुर्नवसन' की 'पुनर्वसन', या प्रश्नांवर मसुदे टेबलावरून टेबलावर फिरतात, माणसे एकमेकांशी अबोला धरतात, आणि मूळ प्रकरण तितके दिवस मागे पडते. या वादांकडे केवळ थट्टेने पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ही थट्टा पटत नाही. कारण या क्षुल्लक वाटणाऱ्या भांडणांत माणसाचा मान गुंतलेला असतो, आणि कित्येकदा त्याची जमीनही.

आमच्या परिचयाच्या एका कचेरीत घडलेला संवाद येथे देतो. कचेरीचे व व्यक्तींचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मसुदा पुढे येताच साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, 'अधिक्षक' नव्हे, 'अधीक्षक'. अधि अधिक ईक्षक. एवढा संधी तरी शाळेत शिकवला असेल ना?" कारकुनाने शांतपणे उत्तर दिले, "शिकवला होता साहेब. पण मागच्या साहेबांनी याच शब्दाचा दीर्घ खोडून ऱ्हस्व करून घेतला होता." आता व्याकरणदृष्ट्या नव्या साहेबांचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे. पण कारकुनाचे उत्तरही विचार करण्यासारखे आहे. त्याच्या अनुभवात शुद्धलेखनाचा नियम ग्रंथात राहत नसून खुर्चीत राहतो, आणि बदलीच्या हुकुमाबरोबर बदलतो. ज्या विषयात वरिष्ठाची मर्जी हेच प्रमाण होऊन बसते, त्या विषयात कोणी अभ्यास करावा तरी कशाला?

वास्तविक मराठी कारभाराचा इतिहास पाहिला तर ऱ्हस्व-दीर्घाचा हा दरारा फार जुना नाही. मराठी दप्तर शतकानुशतके मोडीत लिहिले गेले, आणि मोडीत वेलांटी व उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळण्याची चाल नव्हती. पेशव्यांच्या दप्तरातील लक्षावधी कागदांत मोहिमा आखल्या गेल्या, इनामे दिली गेली, तंटे तोडले गेले. उकार कोणत्या बाजूस वळला आहे यावरून कोणाचे वतन बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मराठवाड्यापुरते पाहावे तर २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाने जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसे हुडकून आणावी लागली. ज्यांचे लेखन आजच्या कोणत्याही साहेबाने तांबड्या शाईने रंगवून टाकले असते, तेच कागद आज पुरावा म्हणून अदबीने हाताळले जात आहेत.

दरारा आला तो छापखान्याबरोबर आणि शालेय क्रमिक पुस्तकांबरोबर. बाळबोध लिपीत छापावयाचे तर काही एक पद्धती हवी, आणि ती ठरविणाऱ्या पंडितांचे शिक्षण संस्कृतात झालेले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखन उच्चारास धरून असावे अशी बाजू मांडली, तेव्हा मोठा वाद झाला, आणि १९०४ साली लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'तून त्यात भाग घेतला. पुढे १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले; १९६२ मध्ये त्याचे चौदा नियम मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले, आणि सरकारने ते स्वीकारल्यामुळे आज कचेरीत 'नियम' म्हणतात ते हेच अठरा.

या नियमांचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. न उच्चारलेल्या अनुस्वारांचे ओझे त्यांनी उतरविले, 'कवि', 'बुद्धि' यांचा अंत दीर्घ करून बोलण्याशी मेळ घातला, 'राहणे' व 'पाहणे' यांची रूपे ठरवून दिली. परंतु त्यांत एक दोष राहिला आहे, आणि तो कचेरीतच सर्वाधिक जाचतो. 'खूण' यात उपान्त्य दीर्घ, पण 'गुण' यात ऱ्हस्व. 'वीस' दीर्घ, पण 'विष' ऱ्हस्व. कारण काय, तर 'गुण' आणि 'विष' हे तत्सम शब्द होत. म्हणजे शब्द लिहिण्यापूर्वी तो संस्कृतातून जसाच्या तसा आला की वाटेत रूप पालटून आला, हे लिहिणाऱ्यास ठाऊक पाहिजे. ज्याच्या घरी आजोबांच्या वेळेपासून पोथ्या आहेत त्यास हे कानाने कळते. ज्याचे आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जात, आणि ज्याने गावात आजीजवळ राहून शाळा पुरी केली, त्याने हे कोठून जाणावे? बीड जिल्ह्यात अशी मुले थोडी नाहीत. त्यांतील कित्येक आज स्पर्धापरीक्षा देऊन कचेऱ्यांत आली आहेत. त्यांच्या मसुद्यावर 'अशुद्ध' असा शेरा पडतो तेव्हा तो शब्द केवळ वेलांटीस लागत नाही. शुद्ध-अशुद्ध या शब्दांना आपल्या समाजात जो जुना वास आहे तो काही शाईने जात नाही. अलीकडे कित्येक अभ्यासक 'शुद्धलेखन' न म्हणता 'प्रमाणलेखन' म्हणतात, ते आम्हांस याच कारणाने रास्त वाटते. प्रमाण मोडले तर ते दुरुस्त करता येते; अशुद्ध ठरलेल्यास मात्र शुद्ध करून घ्यावे लागते!

म्हणून नियम सोडून द्यावेत असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. सर्वांनी एकाच तऱ्हेने लिहिले तर वाचणाऱ्याचे श्रम वाचतात, कोश पाहणे सोपे होते, आणि हल्ली संगणकावर शोध घेताना एकाच शब्दाची दोन रूपे असली तर निम्मे कागद सापडतच नाहीत. हा शेवटचा लाभ मोडीच्या काळी नव्हता, आज आहे, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. अरुण फडके यांच्या शुद्धलेखनविषयक पुस्तकांसारखे एखादे पुस्तक प्रत्येक टेबलावर असावे आणि वाद झाला की साहेबांनी आणि कारकुनांनी दोघांनीही ते उघडावे, एवढ्याने निम्मी भांडणे मिटतील. पुस्तकास हुद्दा नसतो.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. दुरुस्तीची तांबडी शाई जेथे हवी तेथे ती पडत नाही. पुढील वाक्य पाहावे. ते आम्ही नमुन्यादाखल रचले आहे, पण त्याची भावंडे कोणत्याही कचेरीच्या जावक नोंदवहीत सापडतील: 'उपर्युक्त विषयास अनुसरून संदर्भीय पत्रान्वये आपणांस कळविण्यात येते की, प्रकरणी दर्शविण्यात आलेल्या त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत न झाल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. 'उपर्युक्त' आहे, 'विहित' ऱ्हस्व आहे, 'त्रुटी' दीर्घान्त आहे. कडक साहेबाच्या हातूनही हे वाक्य अक्षत बाहेर पडेल. आता ते घाटनांदूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या हाती द्यावे. शेजारचा शाळकरी मुलगा तिला वाचून दाखवील, आणि 'दाखल करण्यात आला आहे' हे शब्द ऐकून ती समाधानाने कागद घडी करून ठेवील. मुलास शाळेत दाखल केले म्हणजे तो आत गेला. रुग्णास दवाखान्यात दाखल केले म्हणजे उपचार सुरू झाले. मग अर्ज दाखल झाला म्हणजे काम मार्गी लागले, असे तिने समजावे यात तिचे काय चुकले? कचेरीच्या भाषेत 'दप्तरी दाखल' याचा अर्थ नेमका उलटा आहे. पुढे काही करावयाचे नाही, कागद बांधून ठेवा, असा तो शेरा आहे. आमच्या माहितीतील एक वृद्ध विधवा अशाच एका कागदाच्या भरवशावर पाऊणेक वर्ष वाट पाहत बसल्या होत्या. त्यांच्या कागदातील प्रत्येक वेलांटी यथास्थित होती.

'निकाली काढणे' हा त्याचाच सख्खा भाऊ. गावकऱ्याच्या कानी 'निकाल लागला' असे पडते आणि तो पेढे आणावयास निघतो. प्रकरण फेटाळूनही 'निकाली' निघते हे त्यास फार उशिरा कळते. 'कारवाई' आणि 'कार्यवाही' यांचा गोंधळ याच जातीचा, पण उलट दिशेचा. पहिल्यात दंडाची छाया आहे, दुसऱ्यात केवळ काम पुढे नेण्याचा अर्थ. 'आपल्या अर्जावर कारवाई करण्यात येईल' असे पत्र गेले की साधा माणूस धास्तावतो. आणि दोषी ठेकेदाराविरुद्ध 'योग्य ती कार्यवाही करावी' असे लिहिले की ठेकेदार निर्धास्त होतो. हा फरक लावून धरणारा वरिष्ठ आम्हांस भेटला तर आम्ही त्यास दूर्वांकुर वाहू. परंतु तो बहुधा 'देवून' चा 'देऊन' करण्यात गुंतलेला असतो.

येथे शब्दांच्या कुळाचा प्रश्न येतो. कचेरीतील वादांचा दुसरा मोठा भाग हाच: 'अर्ज' म्हणावे की 'आवेदन', 'दस्तऐवज' की 'अभिलेख', 'मुदत' की 'कालावधी', 'मयत' की 'मृत'. या वादाची परंपरा प्रतिष्ठित आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली, आणि माधव जूलियन यांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. गमतीची गोष्ट ही की त्याच विद्वानाने १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश रचला होता, म्हणजे ज्यास हाकलावयाचे त्याची वंशावळ त्यांस पूर्ण अवगत होती. राज्यात १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये त्याचा 'पदनाम कोश' आला, आणि आचार्य अत्रे यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले.

अत्र्यांचा विनोद मोठा, पण विनोदाने प्रश्न सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. सचिव, संचालक, आयुक्त, अभियंता हे शब्द आज कोणास हसू आणतात? सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' तर मुलांच्या तोंडी आहेत. नवा शब्द कानास प्रथम बोचतोच. इंग्रजी हटवून त्या जागी काहीतरी मराठी उभे करावयाचे होते, आणि ते काम त्या कोशकारांनी केले. ज्यांनी केवळ थट्टा केली त्यांनी पर्यायी शब्द फारसे दिले नाहीत.

तथापि मराठवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या कोशकारांच्या ध्यानी पुरती आली नसावी. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन होईपर्यंत ती राहिली. मराठी ही घरची, कीर्तनाची, फार तर शाळेची. या प्रदेशातील शेतकऱ्याने सरकारशी जो व्यवहार केला तो अर्ज, दस्तऐवज, मुदत, जमानत, तहसील याच शब्दांत केला. हे शब्द त्याच्यावर लादले गेले होते हे खरे. पण पिढ्यान्पिढ्या वापरून त्याने ते आपलेसे केले. आजही जुन्या जमिनीच्या तंट्यात १९५४-५५ सालचे 'खासरा पाहणी पत्रक' मागितले जाते, आणि ते नाव उच्चारताना घाटनांदूरच्या म्हाताऱ्याची जीभ अडखळत नाही. 'अभिलेख' म्हणताना ती अडखळते.

शब्दांच्या या लढाईत विजय कोणाचा झाला हे पाहणे मौजेचे आहे. मुंबई इलाख्यात 'मामलेदार' होता, हैदराबादेत 'तहसीलदार'. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि आज सर्व राज्यभर 'तहसीलदार' आहे; 'मामलेदार' मिसळीच्या दुकानाच्या पाटीवर उरला. उलट 'पटवारी' हरला आणि 'तलाठी' जिंकला. मराठवाड्यात पटवारी हे आता आडनाव म्हणूनच अधिक भेटते. अलीकडे तलाठ्यासही 'ग्राम महसूल अधिकारी' असे भारदस्त पदनाम मिळाले आहे, आणि २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला. गावात त्यास काय म्हणतील ते गाव ठरवील. आमचा अंदाज असा की आणखी पन्नास वर्षे लोक तलाठ्याकडेच जातील.

संबोधनांचे वाद याहून नाजूक. 'श्रीमती' हे विधवेचे उपपद समजून एखादी सुवासिनी ते आपल्या नावामागे पाहून दुखावते, आणि कचेरी मात्र सर्व स्त्रियांस तेच लावते. या बाबतीत आमचा कौल कचेरीकडे आहे. स्त्रीचा नवरा हयात आहे की नाही ही माहिती वीजबिलाच्या तक्रारीस लागत नाही. २०२३ च्या एप्रिलात 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' योजावे अशी एका मंत्रिमहोदयांची सूचना पुढे आली आणि तिच्यावर सर्व बाजूंनी टीका झाली. त्या बायांना निवृत्तिवेतन वेळेवर हवे होते.

आता जेथे अक्षराची कडक तपासणी खरोखर व्हावयास पाहिजे त्या जागेकडे वळू. एका अक्षरावर केवढे ओझे येऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहेच. अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरॉन, धनगड' अशी नोंद आहे. 'धनगड' म्हणजे 'धनगर'च, 'र'च्या जागी 'ड' पडला इतकेच, असे धनगर समाजाचे म्हणणे. ते घेऊन उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. पण 'र' आणि 'ड' यांमधील अंतर मोजण्यास एवढी वर्षे आणि एवढी आंदोलने लागतात, हे ज्यास ठाऊक आहे तो नाव लिहिताना हात आखडता घेईल.

इतके मोठे उदाहरण नको असेल तर सातबारा पाहावा. हस्तलिखित उतारे संगणकावर चढविताना नावांत, आडनावांत, क्षेत्राच्या आकड्यांत ज्या चुका झाल्या, त्या दुरुस्त करून घेण्यासाठी खातेदारांना तहसीलचे हेलपाटे घालावे लागले. बापाचे नाव एका उताऱ्यावर 'लक्ष्मण' आणि दुसऱ्यावर 'लक्षिमन' असेल तर दोन्ही माणसे एकच होती हे सिद्ध करण्याचे ओझे मुलावर पडते. तोवर वारसाची नोंद अडते, कर्ज अडते, पीकविमा अडतो. येथे कारकुनाने अक्षर न् अक्षर ताडून पाहिले पाहिजे, आणि साहेबांनी त्याच्या मागे उभे राहून तपासले पाहिजे. परंतु असे दिसते की पत्राच्या मसुद्यावर दोन दोन तास खल होतो, आणि नावांची यादी मात्र कोणा रोजंदारी मुलाकडे टंकनासाठी दिली जाते; कारण पत्रावर साहेबांची सही असते, यादीवर नसते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ ने अशा चुका दुरुस्त करण्याची तजवीज ठेविली आहे. तेथे योजलेला शब्द 'लेखनप्रमाद' असा आहे. शब्द संस्कृतदृष्ट्या निर्दोष आहे, संधी-समासही चोख. मात्र ज्याच्या उताऱ्यात तो प्रमाद घडला त्यास आपल्यापाशी त्या नावाची काही वस्तू आहे हे समजत नाही, आणि म्हणून तो वकिलाकडे किंवा दलालाकडे जातो. कलमाचा मजकूर विधिमंडळावाचून बदलता येणार नाही. पण तहसीलच्या भिंतीवरील फलकावर आणि अर्जाच्या छापील नमुन्यावर 'लेखनप्रमाद' याच्या खाली कंसात 'अक्षराची चूक' असे दोन शब्द घालण्यास अधिनियमाची आडकाठी असल्याचे आम्हांस तरी दिसत नाही. नमुने पुढील खेपेस छापावयास जातील तेव्हाच हे होऊ शकेल.